निऱ्यांचा काठ

रविवार, ६ जानेवारी १९७४
जुना जालना

घनसावंगीचं चित्र आज पुरं झालं. शेवटचा हात नथीवर. मोत्याला उजेडाचा ठिपका दिला आणि ब्रश खाली ठेवला. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये म्हणतात, पण इथे ऐकणारं आहे कोण? चांगलं झालंय. फारच चांगलं.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या शिंदेबाईंची आई. जुनं बागायतदार घर. ओसरीवर पाट टाकून बसल्या त्या दोन रविवार हलल्या नाहीत. अंजिरी लुगडं, जरीचा काठ. निऱ्यांचा काठ पुढे ऐसपैस पसरलेला. नुसत्या त्या काठानं माझा जीव खाल्ला.

औरंगाबादच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्रकला शिक्षकानं दोन चित्रं द्यायची आहेत. विषय: आपल्या भागातील स्त्रियांची वेशभूषा. माणूस समोर बसवून काढलेलं हवं, फोटोवरून नको. एक झालं. दुसरी बाई कोण, म्हणून दिवसभर डोकं खाजवत होते. संध्याकाळी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या माया रंगवून राह्यली. घरात काय दुष्काळ पडला का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाईच बसणार. ठरलं.

मंगळवार, ८ जाने.

कोणतं नेसायचं यावरून वाद. मी म्हटलं, आत्याबाई, तुमचं पांढरं पातळ छान दिसतं. लगेच उत्तर. "पांढरं विहारात वंदनेला. ते काय मिरवायला हाये? वेशभूषा म्हन्ली न तू? मंग लुगडं नेसते."

पेटीतून हिरवं इरकली काढलं. लाल काठ. यांना भोकरदनच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात आईला घेतलेलं. घडी सोडून माझ्या मांडीवर पसरलं. "काठ बघ. असा काठ ह्या गल्लीत कुनाचा असंल तर दाखव."

दागिना काय घालणार, विचारलं. दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. कापसाच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं सरकी उपसलेले हात. "हे काय कमी हायेत?"

म्हातारी मॉडेल म्हणून जन्मलीय आणि हे कुणाला माहीतच नव्हतं.

बुधवार, ९ जाने.

मांजरपाट चौकटीवर ताणला. सरस, वर सफेद्याचे हात. घरभर वास. आत्याबाई नाकाला पदर लावून: "जवसाचं तेल चटनीला पुरंना, अन् हिच्या कापडाला बराबर पुरतंय." बोलल्या आणि तेलाची बाटली स्वतःच उन्हातून सावलीत नेऊन ठेवली.

रविवार, १३ जाने.

पहिली बैठक. दार लोटून आत गेल्या. मी रंग काढते न काढते तोच बाहेर. नऊवारी, कासोटा, डोक्यावर पदर, सगळं चोपून. मला माझं गोल पातळ नेसायला याहून वेळ लागतो. मी रेल्वे क्वार्टरात वाढले, आमच्या आईनं गोलच नेसलं, गोलच शिकवलं. लुगड्याच्या निऱ्या कुठून निघतात आणि कुठे जातात हे आजही मला नीट कळत नाही. जे दिसतं ते काढते.

उंबऱ्यावर बसवलं. अंगणातला उजेड डाव्या गालावर. एक गुडघा वर, त्यावर हात. पण हलायचं नाही म्हटलं की अंगात वारं भरतं. मांजर आली, हाड केलं. भाजीवाला आला, बसल्या जागेवरून भाव पाडला. "तू काढ न तुझं. माझं तोंड चालू असंल तर काय ब्रश अडतो?"

कोळशानं आराखडा झाला. रचना मनासारखी जमतेय. पदराचा लाल काठ खांद्यावरून उतरतो, खाली पायाशी पुन्हा लाल. आणि मधे, पोटापासून खाली, खोचलेल्या निऱ्या. तिथे काठ नाही, नक्षी नाही, नुसतं गडद हिरवं. नजर तिथे जाऊन बसते आणि मग वर चेहऱ्याकडे येते. असं रचून जमत नाही, नशिबानं मिळतं.

सोमवार, १४ जाने.

संक्रांत. शाळेत तिळगुळाचा सुळसुळाट. शिंदेबाईंनी घरी बोलावलं. "हळदीकुंकू हाय. तुम्ही लावत न्हाईत ठाऊक हाय मला, पर यायचं. गप्पा मारायला यायचं." गेले. सरळ बाई आहे. आईचं चित्र भिंतीला टेकवून सगळ्या बायकांना दाखवलं, माझं नाव घेऊन. लाजले म्हणून लिहिलं तर खोटं होईल.

शुक्रवार, १८ जाने.

ओठ जमत नाहीत. मिटलेले काढले की आत्याबाई चिडलेल्या वाटतात, उघडे काढले की भाव करताना सापडल्यासारख्या. "दात दाखवू का?" म्हणून विचारलं. तीनच उरलेत. तेही दाखवायची तयारी.

खरडलं. पुन्हा काढलं. पुन्हा खरडलं.

रविवार, २० जाने.

आला. चेहरा आला.

काय झालं ते नीट सांगता येणार नाही. त्या गाव सोडल्याची गोष्ट सांगत होत्या. भोकरदनकडचं गाव सोडून, माझ्या सासऱ्यांच्या मागे डोक्यावर पेटी घेऊन जालन्यात कशा आल्या, जिनिंगच्या मुकादमानं पहिल्या दिवशी काय विचारलं आणि त्यांनी काय ऐकवलं. ऐकवून झालं आणि क्षणभर गप्प बसल्या, स्वतःवरच खूश. तो क्षण. हात आपोआप चालला. मी मधे नव्हतेच.

गुरुवार, २४ जाने.

पुरं.

भिंतीला लावून आत्याबाईंना हाक मारली. हात पुसत आल्या. आधी तपासणी. कान बराबर हाये. हा डाग हाये. पायाचं बोट तेवढं लहान काढलंस. मग खाली बसल्या, त्याच उंबऱ्यावर, आणि बघत राहिल्या. चहा निवला.

शेवटी म्हणाल्या, "ही कुनाच्या बापाला भ्यायची न्हाई."

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. आनंदानं, आणि भरपूर.

सव्वीसला शाळेत दोन्ही चित्रं मांडायची म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलंय, पालकांनाही बघू द्या. आत्याबाई येणारच. तेच लुगडं नेसून. "लोकाला पडताळा पाहू दे."

शनिवार, २६ जाने.

झेंडावंदन झालं. व्हरांड्यात दोन्ही चित्रं शेजारी शेजारी. घनसावंगीच्या बाई आणि आमच्या आत्याबाई, एका उंचीवर, एका उजेडात. पोरींची ही झुंबड. आत्याबाई आपल्या चित्राजवळ पुढारी उभा राहावा तशा उभ्या, हिरवं लुगडं, येणाऱ्याजाणाऱ्याला "मीच ती."

मग कौसाबाई आल्या. आमच्याच वस्तीतल्या, नात आमच्या शाळेत सहावीत. आत्याबाई आणि त्या जिनिंगमध्ये एका घमेल्यावरच्या जोडीदारणी. कौसाबाईंनी या चित्राकडे पाहिलं, त्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा या. चेहरा उतरला. हळूच बोलल्या, पण मी जवळच होते.

"धुरपते, तू अजून काठ आत खोचतीस?"

आत्याबाईंना आधी कळलंच नाही. मग चित्र पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःचं अंगावरचं लुगडं पाहिलं. निऱ्यांवर हात ठेवला, जखम झाकावी तसा. आणि निघाल्या. फाटकातून बाहेर, कुणाशी काही न बोलता.

मी कौसाबाईंना धरलं, काय झालं ते सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या काळी गावात आपल्या बायकांनी निऱ्यांचा काठ दिसू द्यायचा नाही. लुगडं एका दुकानातलं, एका रंगाचं का असेना, मोठ्या घरच्या बायका काठ पुढे पसरणार, आपल्या बायकांनी तो आत मुडपून खोचायचा. दुरून बाई दिसली की नेसण्यावरून कळलं पाहिजे, कोण कोणाची. "दीक्षा घेतली त्याच साली म्या सोडलं ते. मला वाटलं साऱ्यांनीच सोडलं."

मोठ्या बाई चहाला बोलवत होत्या. प्यायले. कसला होता कळलं नाही.

माझा तो हिरवा, शांत तुकडा.

रविवार, २७ जाने.

हे काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे भोकरदनहून आले. आत्याबाई बोलत नाहीत. स्वयंपाक करतात, वाढतात, बोलत नाहीत. पांढरं पातळ नेसल्या आहेत.

यांना सांगितलं. मग, "मी जन्मभर तिला त्या लुगड्यात बघतोय. मला कधी दिसलंच न्हाई." मलाही. मी तर दोन आठवडे डोळे फाडफाडून बघत होते.

मग चिडले. चित्र पाठवायचं नाही. "त्या पाटलीणबाईच्या शेजारी माझी आई अशी टांगनार? लोकांनी बघायला? तमाशा हाये का?" मी म्हटलं, चित्रात काय खोटं आहे? "खरं हाये म्हनूनच." माझ्या तोंडूनही नको ते गेलं, दोन वर्षं मी अशा प्रदर्शनासाठी थांबलेय वगैरे. आत भांड्यांचा आवाज बंद झाला तेव्हा आम्ही दोघं गप्प बसलो.

सोमवार, २८ जाने.

हे पहिल्या गाडीनं गेले. आत्याबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. दोन दिवसांनी पहिला शब्द.

"काठ बाहेर काढ. रंग हाये, ब्रश हाये. दोन बोटांचं काम हाये तुझं."

मग सांगितलं, मी न विचारता. लग्न झालं त्या सालची गोष्ट. माहेरहून आलेलं लुगडं, नवा काठ. हौसेनं निऱ्या बाहेर ठेवून पाण्याला गेल्या. पाणवठ्यावर कुणीतरी ओरडलं, कुनाची ही, मिजास बघा. आणि त्यांच्या सासूनं तिथेच, सगळ्यांदेखत, निऱ्या ओढून काढल्या, काठ मुडपून पुन्हा खोचल्या आणि थोबाडीत दिली. "म्हातारीनं मारलं म्हनून तेवढ्यावर भागलं. तिनं मारलं नसतं तर त्यांनी मारलं असतं. रातच्याला माझे पाय चेपत बसली, बोलली न्हाई."

"गाव सोडलं, देव सोडले, सारं सोडलं," म्हणाल्या. "हे तेवढं कसं काय राह्यलं गं?"

काढते म्हटलं.

बुधवार, ३० जाने.

काढते म्हटलं खरं. चित्रावर पातळ कागद लावून त्यावर लाल काठ रंगवून पाहिला. चित्र मेलं. सगळा लाल मधे गोळा झाला, नजर तिथेच अडकली, चेहऱ्याकडे जाईना. ते एक. आणि दुसरं, त्याहून वाईट: उंबऱ्यावर बसलेली ती बाई उरलीच नाही. कुणीतरी कॅलेंडरवरची.

काढून टाकला कागद.

मला या चित्राचा गर्व आहे. असं चित्र मी आजवर काढलं नाही, पुढे जमेल की नाही कोण जाणे. डोळ्यांना जे दिसलं ते हातानं इमानदारीनं केलं. पण ज्याची चव घेत बसले होते तो तुकडा थोबाडीत खाऊन झालेला आहे. हे कळल्यावरही तो तितकाच सुंदर दिसतो, याचा राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

चित्र माझं की त्यांचं?

शुक्रवार, १ फेब्रुवारी

औरंगाबादचे परीक्षक दुसऱ्या कामासाठी जालन्यात आले होते, शाळेत डोकावले. मोठ्या बाईंनी चित्रं दाखवली. गृहस्थ उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ही दोन शेजारी शेजारीच लावणार. दारासमोर." आणि आत्याबाईंच्या चित्राकडे बोट करून, "या निऱ्यांच्या हिरव्यात कमाल केलीत बाई. एवढी जागा रिकामी सोडायला धाडस लागतं."

धाडस!

आभार मानले. खोटं कशाला, छाती भरून आली. आणि त्याच वेळी पाणवठ्यावरची ती थोबाडीत आठवली. दोन्ही एकाच शरीरात मावतात, आज समजलं.

मधल्या सुट्टीत शिंदेबाईंना सगळं सांगितलं. डबा तसाच उघडा राहिला. म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं, शपथ. आईला ठाऊक असंल. विचारायचं धाडस व्हईना मला. तिनं हो म्हन्लं तर?" मग डब्याला झाकण लावत, "तुम्ही म्हनत असाल तर आमच्या आईचं चित्र काढून घेते. शेजारी नको लावायला." मी नको म्हटलं. का नको म्हटलं, ते मला तरी कुठे माहीत होतं.

रविवार, ३ फेब्रु.

आत्याबाईंना सांगून टाकलं. काठ रंगवला की चित्र मरतं, म्हणून रंगवला नाही. पण तुम्ही नवीन बसा. काठ बाहेर काढून नेसा, मी पहिल्यापासून दुसरं काढते. जसं जमेल तसं. वेळ आहे अजून.

"हे बराबर," म्हणाल्या. दार लोटून आत. बाहेर आल्या. काठ आत.

त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. पुन्हा आत गेल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दार उघडंच ठेवलं आणि माझ्यासमोर नेसल्या, सावकाश, बोटांकडे बघत. निऱ्या घातल्या, काठ पुढे. आणि खोचताना अंगठा आपला आपण वळला. आत. मी बघत होते. पोटावर माशी बसली की हात जातो, तसा गेला.

लुगडं गरागरा सोडून कोपऱ्यात फेकलं. परकर-चोळीवर भुईवर बसल्या आणि स्वतःच्या हातांवर हात मारायला लागल्या. "मेले हात. म्या दीक्षा घेतली, ह्या मेल्यांनी घेतली न्हाई!"

त्यांचे हात माझ्या हातात धरून बसले. यांनी दारातून पाहिलं आणि अंगणात निघून गेले. पाठमोरे उभे होते, खांदे हलत होते.

आज काही रंगवलं नाही.

बुधवार, ६ फेब्रु.

रोज सकाळी माझी शाळेची घाई आणि आतल्या खोलीत आत्याबाईंचा सराव. मी विचारत नाही. मधूनच शिवी ऐकू येते. काल कौसाबाईही आत होत्या, दोघींचं भांडण आणि हसणं एकदमच चाललं होतं. "अगं अंगठा धर तिचा, अंगठा!"

शनिवार, ९ फेब्रु.

आज जमलं. हिरवं लुगडं, काठ बाहेर, खोचला तो बाहेरच राहिला. चालून पाहिलं, वाकून पाहिलं. यांची गाडी संध्याकाळी आली तोपर्यंत सोडलंच नाही. आणि मग कापडानं झाकलेलं चित्र स्वतःच उघडून पुढे बसल्या.

मी नवी चौकट तयारच ठेवली होती. म्हटलं, उद्या बसू या का?

"न्हाई." चित्रावरून नजर न हलवता. "दुसरं काढू नको. हेच दे."

हे म्हणाले, आई, नको. लोक बघतील.

"बघू दे. म्या संगं जानार. असं नेसून उभी राहनार बाजूला. चित्रात तशी अन् समोर अशी. ज्याला डोळे हायेत तो विचारंल. विचारलं की सांगंन."

"अन् कुनी हसलं तर?"

"तू गप. लुगडं तुझ्या पगाराचं हाये, नेसन माझी हाये." मग माझ्याकडे वळून, "तू खोटं काढलं असतंस तर त्या मारल्याचं कुनालाच कळलं नसतं. माझ्या सासूचं बी न्हाई."

अशी सासू मला मिळाली. लिहून ठेवते, उद्या विसरायला नको. हे जेवले नाहीत.

मंगळवार, १२ फेब्रु.

मोठ्या बाईंना विचारलं, चित्राशेजारी माणूस उभं राहिलेलं चालतं का? म्हणाल्या, असं कधी ऐकलं नाही. परीक्षकांना कळवू का? मी नको म्हटलं. नाही म्हणाले तर काय करायचं हे आत्याबाईंना सांगायची माझी छाती नाही. जायचं. तिथे जाऊन पाहू.

शिंदेबाई आईला विचारून आल्या. त्या म्हणाल्या म्हणे, हो, असं होतं. एवढंच. मग घरात गेल्या. पण चित्र काढून घ्यायचं नाही म्हणाल्या, राहू दे शेजारी.

शनिवार, १६ फेब्रु. औरंगाबाद

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, भिंतीकडेच्या बाकावर बसून लिहितेय. हात नुसता धरून बसवत नाही म्हणून.

सकाळची एस.टी. यांनी रजा काढली, मला न सांगता. घनसावंगीचं चित्र यांच्या खांद्यावर. कंडक्टर म्हणाला, चौकटी टपावर टाका. आत्याबाई म्हणाल्या, "मला टाक टपावर, हिला न्हाई." आणि स्वतःला मांडीवर घेऊन औरंगाबादपर्यंत आल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, आत काय आहे? "मी हाये," म्हणाल्या.

चित्रं लागली. दारासमोर, शेजारी शेजारी, परीक्षकांनी सांगितल्याप्रमाणेच. खाली चिठ्ठीवर माझं नाव, पूर्ण, छापील. यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, मी बाहेर चहाला आहे. आत थांबवेना त्यांना. मी बोलावलं नाही.

आत्याबाई चित्राच्या डाव्या अंगाला उभ्या आहेत. पदर डोक्यावर, काठ पुढे. मधूनमधून हात खाली जातो, काठ चाचपून बघतो, जागेवर आहे, वर येतो. पहिला तास कुणी काही विचारलं नाही. लोक येतात, चित्र बघतात, आजीकडे बघतात, हसून पुढे जातात. हुबेहूब, म्हणतात. एकानं मला हुबेहूब म्हणून सांगितलं तेव्हा मला रडू आलं असतं. सगळं तर तिथे समोर आहे, कुणाला दिसत कसं नाही?

परीक्षक दोनदा लांबून बघून गेले. आता एका गृहस्थांशी बोलतायत आणि आत्याबाईंकडे हात करतायत. उठवतील बहुतेक.

कॉलेजातल्या दोन मुली आल्या आहेत. एक पुढे गेली. दुसरी घनसावंगीच्या बाईंपुढे उभी, मग आमच्या चित्रापुढे. वाकली. निऱ्यांकडे बघतेय. पुन्हा त्या चित्राकडे गेली, पुन्हा आली. आता आत्याबाईंच्या लुगड्याकडे बघतेय. बोलायला तोंड उघडलं, मिटलं.

परीक्षक हॉल ओलांडून निघालेत, इकडेच.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मुलीचं मनगट धरलं आणि तिला जवळ ओढलं. इथपर्यंत ऐकू येतंय.

"लाजू नको पोरी, विचार. अगुदर तिथं बघ. मंग हिकडं बघ."